कृपया वैध ई-मेल पत्ता टाका

मागच्या महिन्यात मी दोन बनियन विकत घेतले. पांढरे, बाह्यांचे, ८५ नंबर. काउंटरवरच्या मुलाने ते पिशवीत घातले, पिशवीचे दहा रुपये लावले आणि विचारलं, "काका, मेल आयडी?"

मी म्हटलं, "बनियनला?"

"बिल मेलवर जातं, काका. पेपरलेस. झाडं वाचतात."

पिशवी कागदाची होती. पण मी वाद घातला नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस पत्त्याच्या बाबतीत कुणाशीही सहकार्य करतो. माझा पत्ता रेडिफमेलचा आहे आणि त्यात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये अंडरस्कोर आहे. मुलाने मान वर करून विचारलं, "रेडिफ अजून आहे?" हयातीचा दाखला घेताना बँकेतला कारकून पाहतो तसं पाहिलं. मग अंडरस्कोर म्हणजे काय, ते विचारलं. मी म्हटलं, खाली आडवी रेघ. त्याने काहीतरी दाबलं, पडदा हिरवा झाला. "झालं, काका."

मी '@' म्हणताना 'ॲट द रेट' म्हटलं, हे इथे नोंदवतो. इंग्रजी माध्यमातली नातवंडं त्यावर हसतात. हसण्यासारखं काही नाही. वाण्याच्या बिलावर ते चिन्ह दर दाखवायलाच असे: १२ वह्या @ ३ रुपये. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज गावी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं ठेवायला ते उचललं, कारण कुणाच्याही नावात ते येत नव्हतं. पहिलं पत्र त्याने एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पाठवलं. आमच्या कचेरीत आवकच्या टेबलापासून साहेबांच्या टेबलापर्यंत साधारण तेवढंच अंतर होतं. पत्राला चार दिवस लागत.

तर पत्ता. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे दिवसातून एकदा तरी कुणीतरी ई-मेल पत्ता मागतं, आणि दिलेल्या पत्त्यांपैकी निम्मे तरी अवैध ठरतात. लाल अक्षरांत वाक्य येतं: कृपया वैध ई-मेल पत्ता टाका. अवैध! जावक रजिस्टरात हा शेरा मी कधी मारला नाही. पोस्टाचे शेरे असत: पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार, असा इसम येथे राहत नाही. हे सगळे शेरे पोस्टमन दारापर्यंत जाऊन आल्यावर पडत. पत्र पाकिटात घालण्याआधीच पत्त्याची लायकी ठरवायचा अधिकार आमच्या साहेबांनासुद्धा नव्हता.

माझी भाची संगणकात आहे. ती म्हणाली, "मामा, याचे नियम आहेत, वाचा." मी वाचले. सेवानियमांची पुस्तकं पाठ केलेल्या माणसाला हे अवघड नाही. या नियमांना आरएफसी म्हणतात, म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती'. नियम घालून देतो आणि स्वतःला विनंती म्हणवतो, असा ग्रंथ मी दुसरा पाहिला नाही. सध्या पत्त्याचा बराचसा कारभार ऑक्टोबर २००८ मध्ये निघालेल्या ५३२१ आणि ५३२२ या दोन क्रमांकांवर चालतो. त्याप्रमाणे '@'च्या डावीकडे अक्षरं आणि आकडे तर चालतातच, शिवाय अधिकचं चिन्ह, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, टक्का, डॉलर, तारका आणि महिरपी कंससुद्धा चालतात. चौसष्ट अक्षरांपर्यंत मजल मारता येते. टिंब चालतं, पण सुरुवातीला नको, शेवटी नको आणि दोन टिंबं लागून नकोत. अवतरणचिन्हात घातलं तर मात्र जवळपास काहीही चालतं, मोकळी जागासुद्धा. आणि हे वाचून मी चष्मा पुसला: पत्त्यात गोल कंस करून टीप लिहिता येते. यंत्र ती वाचून सोडून देतं. म्हणजे आडनावापुढे कंसात 'दुपारी झोपलेले असतात' असं लिहिलं तरी पत्ता शुद्ध.

मी एका दुकानाच्या फॉर्मवर कंसात टीप घालून पाहिली. अवैध.

या नियमांच्या १९८२ च्या जुन्या आवृत्तीप्रमाणे पत्ता तपासायला कुणीतरी एक सूत्र लिहून ठेवलं आहे. भाचीने ते दाखवलं. सहा हजारांहून जास्त अक्षरांचं, श्वास न घेता म्हटलेल्या स्तोत्रासारखं. एवढं करूनही कंसातली टीप त्यात बसत नाही, ती आधी काढून टाकावी लागते. दुकानांचं सूत्र त्या मानाने आटोपशीर असतं. ते कुण्या प्रशिक्षणार्थीने शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेलं असावं, आणि सोमवारी तो दुसऱ्या कंपनीत गेला असावा.

पहिली तक्रार अधिकच्या चिन्हाची. भाचीने मला जीमेलवर दुसरा पत्ता काढून दिला आणि एक युक्ती सांगितली. नावापुढे अधिकचं चिन्ह टाकायचं आणि त्यापुढे दुकानाचं नाव लिहायचं. पत्र येतं आपल्यालाच, पण कुणी पत्ता पुढे विकला तर चोर कळतो. मला हे फार आवडलं. जावक क्रमांक म्हणतात तो हाच. दहा ठिकाणी टाकून पाहिलं, सहा ठिकाणी अवैध. उरलेल्या चारांत एक विमा कंपनी होती. तिने पत्ता आनंदाने घेतला आणि रोज सकाळी मला मृत्यूची आठवण करून द्यायला लागली. मी कंटाळून 'यादीतून नाव काढा' दाबलं. उत्तर आलं, असा पत्ता आमच्याकडे नाही. भाचीने कारण शोधलं. वेबवर दुव्यामध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा समजायची, अशी जुनी रीत आहे, आणि दुवा बनवणाऱ्याने ती लक्षात घेतली नव्हती. येताना मी 'अधिक' असतो, जाताना रिकामी जागा होतो. विम्याच्या दृष्टीने हे अचूक आहे.

दुसरी तक्रार याच्या उलट. शेजारच्या नानांचा पत्ता एका मोठ्या दुकानाने एका झटक्यात वैध ठरवला. नानांनी शेवटी 'कॉम'ऐवजी 'कॉन' लिहिलं होतं. जीमेल डॉट कॉन. अक्षरं रोमन, टिंब जागच्या जागी, तांत्रिक दोष शून्य. फक्त तिथे पत्र घेणारं कुणी नाही. नाना दोन वर्षं दिवाळीच्या सवलतीची वाट पाहताहेत.

आणि माझ्याच नावाचे एक गृहस्थ आहेत. जीमेल डावीकडची टिंबं मोजत नाही. टिंब कुठेही द्या, पेटी एकच. या गृहस्थांना आपला पत्ता नावापुढे टिंब दिलेला आहे असं वाटतं आणि ते तो सगळीकडे देतात. मिळतं ते मला. त्यांच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल मीच सांभाळलं. तीन बैठका झाल्या. टोपी बसवायची राहिली आहे. दवाखान्याला मी कळवलं की हा पत्ता या रुग्णाचा नाही. उत्तर आलं, पत्ता आमच्या प्रणालीत वैध आहे.

आता तिसरी तक्रार, म्हणजे भाचीची.

ती २००५ मध्ये नोकरीसाठी टोकियोला गेली. तिथे तिला डोकोमो कंपनीचा फोन मिळाला आणि फोनबरोबर ई-मेल पत्ता. जपानात हे तेव्हा रुळलेलं होतं. डोकोमोची आय-मोड सेवा फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाली आणि पोरंटोरं संगणकाचं तोंड न बघता फोनवरून मेल करायला लागली. सुरुवातीला पत्ता म्हणजे फोनचा नंबरच असे. नंबर ओळीने येतात हे जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शून्यापासून सुरुवात केली आणि सरसकट पत्रं टाकली. आलेल्या पत्राचे पैसे घेणाऱ्याला पडत, १२८ बाइटच्या पाकिटाला ०.३ येन. म्हणजे जाहिरात त्यांची आणि तिकीट आपलं. मग लोकांनी पत्ते बदलले. कुणाला सहजी सुचू नयेत असे लांबलचक, वेडेवाकडे केले आणि त्यात टिंबं पेरली. दोन टिंबं लागून, तीन टिंबं लागून, '@'च्या अगदी आधी टिंब. नियमाला हे मान्य नव्हतं, पण डोकोमोला होतं. केडीडीआय या दुसऱ्या मोठ्या कंपनीलाही होतं. लाखो लोकांचा कारभार अशा पत्त्यांवर बिनबोभाट चालला होता.

भाचीचा पत्ता असाच होता. आडनावानंतर दोन टिंबं, मग जन्मसाल, मग आणखी एक टिंब, मग '@'. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शाई सांडल्यासारखं वाटलं. पण मी पत्र टाकलं, ते गेलं, तिचं उत्तर आलं. आई बरी आहे का, गूळ पाठवा.

त्या दिवाळीला तिने भारतात यायला विमानाचं तिकीट काढायला घेतलं. आपल्याकडच्या एका कंपनीच्या फॉर्मवर पत्ता टाकला. अवैध. तिने कंपनीला फोन लावला, आंतरराष्ट्रीय दराने. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, असा ई-मेल असूच शकत नाही." भाची म्हणाली, त्याच पत्त्यावर सकाळी मामाचं पत्र आलं आहे. बाई म्हणाल्या, "मॅडम, सिस्टीम ॲक्सेप्ट करत नाही." मग तिने नियमाने सुचवलेला उपाय केला. हाच टिंबाळलेला पत्ता अवतरणचिन्हात घातला तर शास्त्रशुद्ध होतो. सोवळं नेसल्यासारखं. फॉर्म म्हणाला, अवतरणचिन्ह चालणार नाही. शेवटी तिने माझा पत्ता दिला. तिकीट मला आलं, उड्डाणाच्या वेळेत बदल मला कळला, आणि मी त्या दिवशी लग्नाला कराडला गेलो होतो.

म्हणून या विषयावर मला बोलायचा अधिकार आहे असं मी धरतो.

जपानातल्या दुकानांना हा नखरा परवडणारा नव्हता. टिंबवाल्यांना हाकलायचं तर अर्धी गिऱ्हाइकं जायची. त्यांच्यातली बरीच निमूटपणे असे पत्ते घेत, आणि कुठलंसं परदेशी सॉफ्टवेअर पत्र पाठवायला नकार देई तेव्हा त्यांचे अभियंते रात्री बसून त्याला वळण लावत. पुढे कंपन्यांनी असे नवे पत्ते देणं बंद केलं. जुने मात्र काढून घेतले नाहीत. आणि डिसेंबर २०२१ पासून तर फोन कंपनी बदलली तरी महिना ३३० येन भरून जुना पत्ता जवळ ठेवता येतो. तेव्हा ती टिंबं अजून काही वर्षं जगणार.

इथे एक जुनी शिकवण आहे. इंटरनेटच्या पायाभरणीतला एक मोठा माणूस, जॉन पोस्टेल, याने १९८० साली एका आरएफसीत लिहून ठेवलं. मी आपल्या भाषेत सांगतो: स्वतः पाठवताना सोवळं पाळा, दुसऱ्याचं घेताना ओवळंही चालवून घ्या. घर चालवलेल्या कुठल्याही आजीला हे शिकवावं लागलं नसतं. पण शिकवण अशी असते की तिचा फायदा उठवणारा आधी पोचतो. तुम्ही ओवळं चालवून घेतलं की समोरचा सोवळं सोडूनच देतो, आणि मग त्याचं ओवळं हीच रीत होते. जून २०२३ मध्ये तंत्रज्ञांनी ९४१३ क्रमांकाची आरएफसी काढून साधारण हेच गाऱ्हाणं मांडलं. डोकोमोची टिंबं त्याला चांगलं उदाहरण शोभतील. ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांच्यामुळेच ती रुजली.

मला दोन्ही बाजू पटतात. एकतीस वर्षं जावकला बसलेल्या माणसाला '@'च्या आधी टिंब पाहवत नाही. डोकोमोने असा पत्ता मुळात द्यायला नको होता, आणि दिला तो दिवस मी रजिस्टरात तांबड्या शाईने नोंदवला असता. पण चूक कंपनीची. माझ्या भाचीने दुकानात उभं राहून जे मिळालं ते घेतलं. ज्या घराला नगरपालिकेने चुकीचा नंबर दिला त्या घरातल्या म्हातारीचं पत्र पोस्टमन परत नेतो का?

आपल्या पोस्टाने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्याच मातीतले, पोस्टात मोठ्या हुद्द्यावर आणि शिवाय संस्कृत कवी. सहा आकडे. पहिल्या आकड्याने देशाचा विभाग कळतो. आपला आणि गोव्याचा चार. व्याकरणाच्या माणसाने केलेली व्यवस्था असल्यामुळे ती नेटकी आहे. पण पिनकोड नसलेलं पत्र पोस्टाने 'अवैध' म्हणून पेटीतूनच परत केल्याचं मी तरी पाहिलं नाही. 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळाच्या पारासमोर, बाबूरावांच्या वाड्यात मागची खोली' एवढ्यावर आमच्या घरी तीस वर्षं मनीऑर्डर आली. वाडा पडला, बाबूराव गेले, पिंपळ नगरपालिकेने तोडला, तरी पत्ता तोच आणि पोस्टमनही बरोबर येतो. नियम काम सोपं करायला असतो. पत्र पोचलं की पत्ता सिद्ध झाला.

वैध पत्ता म्हणजे ज्यावर टाकलेलं पत्र पोचतं तो. तपासायची रीतही एकच: पत्र टाकून पाहायचं. उत्तर आलं तर पत्ता खरा, यंत्राने '५५०, असा इसम नाही' म्हणून परत पाठवलं तर खोटा. भाची म्हणते की चांगल्या ठिकाणी असंच करतात, दुव्यावर टिचकी मारायला सांगतात आणि मगच पत्ता पक्का धरतात. शिवाय खोट्या पत्त्यांवर फार पत्रं टाकली तर मोठ्या टपाल कंपन्या टाकणाऱ्यालाच संशयित ठरवून त्याची सगळीच पत्रं कचऱ्यात घालतात. म्हणजे नानांचा 'कॉन' दुकानालाच महागात पडतो. एवढा स्वार्थ दुकानदाराला कळायला हरकत नव्हती.

पण दुकानदार पोस्टेलची शिकवण उलटी पाळतो. घेताना त्याला टिंबाचा विटाळ, आणि पाठवताना रोज सकाळी सहा वाजता चपला, पंखे, कर्ज. आणि ज्या पत्त्यावरून हे येतं त्याचं नावच 'नो-रिप्लाय'. डावीकडे अक्षरं, मध्ये आडवी रेघ, टिंबं नियमात. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष पत्ता. त्यावर पत्र टाकलं तर कुणी वाचत नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. ई-मेल दोनदा लिहायला लावतात आणि दुसऱ्यांदा चिकटवू देत नाहीत. आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या फोटोवाल्याने हौसेने 'डॉट फोटोग्राफी' असं शेपूट घेतलं, तर फॉर्मला वाटतं की शेपूट चार अक्षरांहून लांब असूच शकत नाही. 'डॉट म्युझियम' २००१ पासून आहे, हे फॉर्मला कोण सांगणार.

मराठीचं मात्र थोडक्यात सांगता येत नाही. २०१२ पासून देवनागरीत पत्ता असायला नियमाची संपूर्ण परवानगी आहे. 'डॉट भारत' हे शेपूट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. आतल्या यंत्रांना ते 'एक्स एन डॅश डॅश एच टू बी आर जे नाइन सी' म्हणून कळतं, पण आपल्याला ते पाहावं लागत नाही. घोड्याला घोड्याची भाषा, आपल्याला आपली. भाचीने मला असा एक पत्ता काढून दिला. मी तो एका फॉर्मवर टाकला. फॉर्म नखशिखान्त मराठीत होता. 'आडनाव'च्या जागी आडनाव लिहिलं, 'तालुका'च्या जागी तालुका, 'ई-मेल'च्या जागी ई-मेल. लाल अक्षरांत, शुद्ध मराठीत उत्तर आलं: कृपया वैध ई-मेल पत्ता टाका. 'वैध'मधला ध बरोबर काढला होता, एवढं मान्य करावं लागेल.

तर ते बनियन. घरी येऊन घालून पाहिले. पाकिटावर ८५, आतल्या चिठ्ठीवर ९५. बदलून घ्यायला गेलो. तोच मुलगा होता. म्हणाला, "काका, बिल दाखवा, मेलवर असेल." मेलवर नव्हतं. त्याने यंत्रात पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये अंडरस्कोरच्या जागी टिंब होतं. एकच टिंब, मध्यभागी, नियमाला धरून.

"गेलंय काका," तो म्हणाला. "डिलिव्हर्ड दाखवतंय."

तेव्हा विनंती अशी. रेडिफमेलवर माझ्या नावाचे, पण मध्ये टिंब असलेले कुणी गृहस्थ हे वाचत असतील, तर त्यांच्याकडे दोन बाह्यांच्या बनियनचं एक बिल आलं असेल. त्यांनी कृपा करून ते छापून साध्या टपालाने पाठवावं. बदलून द्यायची मुदत तीस दिवसांची आहे, त्यातले अकरा गेले. पत्ता: मारुतीच्या देवळामागे, शनिवार पेठ, सातारा. पिनकोड आठवला नाही तरी चालेल.